तांबड्यापलीकडचे अभनपूर

रायपूरहून धमतरीकडे जाणारा हमरस्ता सुमारे तीस किलोमीटरांवर अभनपुरात शिरतो आणि तेथून राजिमचा रस्ता आग्नेयेकडे फुटतो. महानदी, पैरी आणि सोंढूर यांच्या संगमावरील राजीवलोचनाच्या दर्शनास निघालेला यात्रेकरू अभनपुरास वाटेवरचे एक गाव यापलीकडे फारसे काही मानीत नाही. रेल्वेच्या नकाशात मात्र या गावाला एके काळी मान होता. बंगाल नागपूर रेल्वेने १९०० साली सुरू केलेली, अवघ्या ७६२ मिलिमीटर रुंदीची रायपूर-धमतरी ही छोटी लाइन आणि तिचा राजिमला जाणारा फाटा यांचे हे जंक्शन. ती छोटी गाडी आता नाही. रायपूर शहरातील तिच्या पट्ट्यावर मोटारींचा रस्ता झाला आणि २०२५ मध्ये मंदिर हसौदवरून रुंद रुळांची गाडी अभनपुरापर्यंत आली. नोकरीच्या निमित्ताने रायपुरास येऊन कायमचे तेथलेच झालेले माझे वडील रविवारी त्या छोट्या गाडीने अभनपूर, राजिम गाठीत आणि दिवसभर छायाचित्रे काढून संध्याकाळी परत येत. त्यांची लेन्स आज माझ्या कॅमेऱ्यावर आहे आणि गाव तेच आहे. प्रकाश तेवढा निराळा आहे.

गेल्या काही वर्षांत घेतलेली अभनपूरची माझी छायाचित्रे पाहून परिचित मंडळी बहुधा एकच प्रश्न विचारतात: येथे बर्फ कधी पडला? जेथे वैशाखात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो तेथील बाभळी, महू, पिंपळ त्या चित्रांत पांढरेशुभ्र दिसतात. आकाश काळे, तळे त्याहून काळे. ही चित्रे अवरक्त प्रकाशात घेतलेली आहेत. बर्फाची उपमा देणाऱ्यास मी दोष देत नाही, परंतु ती उपमा येथली नव्हे, आणि तिने या चित्रांचे सौंदर्य वाढत असले तरी अर्थ हरवतो. पांढरे का झाले, या प्रश्नाला झाडाजवळ स्वतःचे उत्तर आहे.

प्रथम शब्दाविषयी थोडेसे. 'रक्त' या पदाचा मूळ अर्थ रंगलेला, मग तांबडा, मग देहातील रक्त. 'अनुरक्त' आणि 'विरक्त' ही त्याच 'रञ्ज्' धातूची अपत्ये आपल्या काव्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदली. 'अवरक्त' हे मात्र पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात जन्मले आणि तेथेच राहिले. तांबड्याच्या खालचे, एवढाच त्याचा अर्थ. विल्यम हर्शेल याने १८०० साली लोलकातून पाडलेल्या रंगपटात तापमापके ठेवली. तांबड्याच्या पलीकडे, जेथे डोळ्यास काहीच दिसत नव्हते, तेथे पारा अधिक चढला. अदृश्य प्रकाशाचा हा पहिला पुरावा त्वचेच्या बाजूने आला, डोळ्याच्या नव्हे.

त्या प्रकाशात निसर्गचित्रे घेऊन ती १९१० मध्ये लंडनच्या रॉयल फोटोग्राफिक सोसायटीपुढे मांडली रॉबर्ट वुड या अमेरिकन पदार्थवैज्ञानिकाने. पालवी पांढरी दिसण्याच्या या प्रकारास त्याचेच नाव मिळाले आहे. पानातील हरितद्रव्य निळा आणि तांबडा प्रकाश गिळते. हिरवा त्यातल्या त्यात सोडते, म्हणून पान हिरवे. सुमारे ७०० नॅनोमीटरच्या पुढे मात्र हरितद्रव्य जणू नाहीसे होते. प्रकाश पानाच्या आत शिरतो, पेशींच्या भिंती आणि त्यांच्यामधील हवेच्या पोकळ्या यांवर आपटत राहतो आणि त्यातला जवळजवळ निम्मा परत बाहेर येतो. साखरेचा खडा पारदर्शक आणि कुटलेली साखर पांढरी, असाच हा प्रकार. निरभ्र आकाश काळे पडते, कारण हवा निळा प्रकाश विखुरते तितका अवरक्त विखुरत नाही; आणि पाणी तर तो पिऊनच टाकते.

गंमत अशी की, छायाचित्रणाच्या आरंभकाळी सारे नेमके उलट होते. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखी माणसे तीत उत्साहाने वावरू लागली, त्या काळातील काचा निळ्या प्रकाशासच जागत. त्यामुळे त्या वेळच्या चित्रांत आकाश कोऱ्या कागदासारखे पांढरे आणि झाडे काळीकुट्ट. त्या चित्रांतील काळी आंबराई आणि माझ्या चित्रांतील पांढरी बाभूळ ही एकाच पानाची दोन टोकांकडून घेतलेली जबानी आहे. दादासाहेब फाळके यांनीही चित्रपटाचा ध्यास घेतला तेव्हा १९१२ मध्ये आधी काय चित्रित केले, तर कुंडीतल्या वाटाण्याची वाढ. आपल्याकडच्या कॅमेऱ्याला पानाचे हे वेड जुनेच आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

आता लेन्सकडे वळते. वडिलांनी १९७२ साली एका परिचितांकडून असाही पेंटॅक्स कंपनीचा स्पॉटमॅटिक हा कॅमेरा जुन्यात घेतला, त्यावर ५० मिलिमीटरची, एफ १.४ ची सुपर टाकुमार लेन्स होती. सात भिंगे, सहा गटांत बसवलेली, धातूचे अंग, अंतराचे कडे असे फिरते की आजच्या कोणत्याही प्लॅस्टिकच्या लेन्सने लाजावे. या कड्याखालच्या पट्टीवर, अंतराच्या मुख्य रेषेच्या किंचित बाजूस, इंग्रजी 'आर' हे तांबडे अक्षर कोरलेले आहे. अवरक्त किरण भिंगातून कमी वाकतात आणि दृश्य प्रकाशाच्या मागे जाऊन एकवटतात. म्हणून आधी डोळ्याने नेम साधावा, मग ते अंतर मुख्य रेषेवरून सरकवून या तांबड्या खुणेवर आणावे, असा कारखान्याचा संकेत. फिल्टर काळा, त्यातून व्ह्यूफाइंडरमध्ये काहीच दिसणार नाही, हे गृहीत धरूनच ती खूण केलेली. तसली फिल्म वडिलांना रायपुरात कधी मिळाली नाही. मिळाली असती तरी ती थंड जागी ठेवावयाची, काळोखात भरावयाची आणि काळोखातच काढावयाची. दोन खोल्यांच्या घरात ते अवघडच होते. अशा चित्रांसाठी सर्वाधिक नावाजलेली कोडॅकची फिल्म २००७ मध्ये बंद झाली.

त्याच्या पुढच्याच वर्षी पहिला मिररलेस कॅमेरा बाजारात आला. जुन्या कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये हलणारा आरसा असे आणि त्यासाठी बरीच जागा सोडावी लागे. वडिलांच्या लेन्सला बूड ते फिल्म ४५.४६ मिलिमीटर अंतर लागते. माझ्या सोनी कॅमेऱ्यात आरसा नसल्याने हे अंतर १८ मिलिमीटरच आहे. उरलेले २७.४६ मिलिमीटर भरून काढणारे एक पोकळ नळकांडे मध्ये बसवले, म्हणजे अर्ध्या शतकापूर्वीची लेन्स आजच्या कॅमेऱ्यावर ठाकठीक बसते. नळकांड्यात काच नाही, वीज नाही, काहीच नाही. शिवाय या कॅमेऱ्यात डोळ्याला दिसते ते सेन्सरला दिसणारेच चित्र असते. काळा फिल्टर लावलेला असताही अवरक्त प्रतिमाच समोर येते आणि तिच्यावरच कडे फिरवून नेम साधता येतो. म्हणजे तांबड्या अक्षराचीही गरज उरत नाही. वडिलांजवळ फिल्म नव्हती म्हणून, आणि मला आवश्यकता नाही म्हणून, ते अक्षर दोन पिढ्या न वापरलेले राहिले.

सेन्सर सिलिकॉनचा असतो आणि सिलिकॉनला साधारण ११०० नॅनोमीटरपर्यंत दिसते. चित्रांचे रंग बिघडू नयेत म्हणून कारखानेच सेन्सरपुढे अवरक्त अडवणारी काच बसवतात. ती काच असताना चित्र घेता येते, पण उघडझाप काही सेकंदांची लागते आणि अभनपुरच्या वाऱ्यात पान तेवढे स्थिर राहत नाही. माझ्या जुन्या कॅमेऱ्यातील ती काच नागपूरच्या एका कारागिराने काढून तिच्या जागी साधी काच बसवून दिली. कॅमेरा आता दृश्य आणि अवरक्त दोन्ही पाहतो; कोणते पाहावयाचे ते लेन्सच्या तोंडावरील फिल्टर ठरवतो. टाकुमार घराण्यातील बहुतेक लेन्सेसचे तोंड ४९ मिलिमीटरचे, त्यामुळे लहान आणि स्वस्त फिल्टरांचा एकच संच पुरतो. काटकसरीच्या माणसाला हेही कारण थोडे नव्हे.

जुन्या लेन्सेसचे गुणगान करणाऱ्यांची संख्या हल्ली वाढली आहे, आणि त्यांच्या किमतीही. त्या गुणगानातील बराच भाग स्मरणरंजनाचा आहे असे मला वाटते. अवरक्तात मात्र एक खरी कसोटी असते. अनेक उत्तम लेन्सेस तेथे चित्राच्या मध्यभागी फिकट गोल डाग पाडतात. छिद्र बारीक करावे तसा तो अधिक ठळक होतो. लेन्सवरील परावर्तनरोधक लेप दृश्य प्रकाशासाठी बेतलेला असतो; नळीच्या आतला जो रंग आपल्या डोळ्यास काळा तो अवरक्तात राखाडीही असू शकतो. प्रकाश आतल्या आत उसळतो आणि मध्यावर साचतो. पंधरा-वीस भिंगांच्या आधुनिक लेन्समध्ये असे उसळण्यास पृष्ठभाग पुष्कळ. वडिलांच्या लेन्समध्ये हवा आणि काच यांच्या सीमा बाराच. तिच्यात डाग पडत नाही. पण यावरून नियम करू नये. काही जुन्या लेन्सेस या कसोटीस साफ उतरत नाहीत, काही नव्या सहज उतरतात. प्रत्येक लेन्स काळा फिल्टर लावून आकाशाकडे रोखून पाहावी, याला दुसरा उपाय नाही.

या लेन्सला एक व्याधी आहे. तिच्या मागच्या भागातील काचेत थोरियम मिसळलेले आहे. काचेची वक्रीभवनशक्ती वाढावी आणि रंग मात्र फाकू नयेत, यासाठी त्या काळी हा उपाय करीत. थोरियम मंद किरणोत्सारी असल्यामुळे वर्षानुवर्षे काच पिवळी पडत जाते. वडिलांच्या रंगीत पारदर्शिकांवर हळूहळू चहा सांडल्यासारखी झाक येऊ लागली. आधी त्यांनी फिल्मला दोष दिला, मग प्रयोगशाळेला, आणि शेवटी एके दिवशी लेन्स पांढऱ्या कागदावर धरून पाहिली आणि कपाटात ठेवून दिली. पुढे त्यांच्या डोळ्यांतही तेच झाले. मोतीबिंदू काढून पट्टी सोडली तेव्हा त्यांनी विचारले, "भिंतीला नवा रंग कधी दिलात?" भिंत जुनीच होती. डोळ्यातील भिंग बदलता आले. लेन्सचे राहून गेले. पिवळी काच अडवते ती निळ्या प्रकाशाला. तांबड्याला ती अडवत नाही, अवरक्ताला तर मुळीच नाही. वडिलांच्या लेखी निकामी झालेली लेन्स त्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात निर्दोषच होती.

अभनपुरच्या शेतांत या प्रकाशाने वर्ष कसे जाते ते पाहण्यासारखे आहे. धानाच्या बांधांवर बाभळी ठेवण्याची येथली जुनी रीत. आषाढात शेतात पाणी उभे राहिले म्हणजे सारा पट काळा आणि त्यावर बाभळींच्या पांढऱ्या ओळी. श्रावणात बियासी होते, म्हणजे उगवलेल्या धानातून उभा नांगर फिरवतात. तेव्हा त्या काळ्यात पांढरे ठिपके उमटतात. आश्विनापर्यंत काळे कोठे उरत नाही, फक्त तळी उरतात. छत्तीसगडीत त्यांना तरिया म्हणतात. कमळाची पाने असलेली तरिया अर्धी काळी, अर्धी पांढरी. येथवर चित्र आणि शेत यांची संगती लागते आणि 'पांढरे ते जिवंत' असे सूत्र मनात तयार होऊ लागते.

कार्तिकात ते सूत्र कोलमडते. कापणीनंतरचे वाळलेले तणसही अवरक्तात बऱ्यापैकी उजळच दिसते. मेलेली काडी आणि जिवंत पान यांत नुसत्या या प्रकाशाने निवाडा होत नाही. निवाडा करावयाचा तर दुसरी साक्ष लागते, आणि ती तांबड्या प्रकाशाची. जिवंत पान तांबडा गिळते आणि अवरक्त परतवते. काडी दोन्ही परतवते. एकाच जागेवरून, एकाच लेन्सने, आधी तांबड्यात आणि मग अवरक्तात चित्र घेऊन ती शेजारी ठेवली तरच काही बोलता येते. एका पोथीवरून पाठ ठरवू नये, हे भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी १९१९ ते १९६६ पर्यंत खपलेल्या पंडितांना सांगावे लागत नसे. छायाचित्रकाराला ते झाड शिकवते.

पोथीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट वाचकांच्या कामाची म्हणून सांगते. काजळीच्या शाईतील कर्ब अवरक्तातही काळाच राहतो, आणि डागाळलेला, करपलेला कागद किंवा चामडे मात्र पुष्कळदा उजळते. मृत समुद्राकाठी सापडलेल्या चामड्यांवरील लेखांची नजीब अल्बिना याने घेतलेली अवरक्त छायाचित्रे याच तत्त्वावर उभी होती, आणि डोळ्यास न लागणारी अक्षरे त्यांतून वाचली गेली. हिराकशीच्या शाईचे नेमके उलट होते. ती या प्रकाशात फिकटत जाते. आपल्या दप्तरांतील जुनी बाडे बहुतांशी काजळीच्या शाईची आहेत. त्यांच्यासाठी लाखो रुपयांची यंत्रेच हवीत असे नाही.

दोन साक्षींचा हा विचार मोठ्या प्रमाणावर कधीच झालेला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रंगीत अवरक्त फिल्म तयार झाली ती रंगवलेला हिरवा आणि जिवंत हिरवा वेगळे ओळखण्यासाठी. तोफांवर हिरवे कापड टाकले तरी ते पानासारखे वागत नसे. भारतात १९७० च्या सुमारास पिशारोटी यांनी तसलीच फिल्म हेलिकॉप्टरमध्ये नेऊन केरळातील नारळांच्या मूळकुज रोगाची पाहणी केली. आपल्या देशातील दूरसंवेदनाचा आरंभ याच प्रयोगापासून मानतात. मार्च १९८८ मध्ये कक्षेत गेलेल्या आयआरएस-१ए या उपग्रहाच्या कॅमेऱ्यांत तांबडा आणि अवरक्त हे दोन्ही पट्टे होते. उपग्रहाला शिवार दिसते. मला एक झाड पाहावयाचे असते.

अभनपुरच्या परिसरातील तीन झाडे मी महिन्यातून एकदा अशी जोडीने टिपीत आले: जुन्या रुळांच्या पट्ट्याजवळचा पिंपळ, एका शेताच्या कडेचा महू आणि एका तरियाच्या काठचा अर्जुन. अर्जुनाला येथे कउहा म्हणतात. तो आता नाही. रस्त्याच्या कामात तो गेला आणि तो वाळलाच होता, असे मला सांगण्यात आले. भाद्रपदातील माझ्या जोडचित्रांत त्याच्या पूर्वेकडच्या फांद्या तांबड्यातही उजळ आहेत आणि अवरक्तातही. त्या बाजूबद्दल सांगणाऱ्याचे म्हणणे खरे असावे. पाण्याकडची बाजू मात्र तांबड्यात गडद आहे आणि अवरक्तात पांढरी. त्या दिवशी ती बाजू जिवंत होती. ही चित्रे कोणी मागितली नाहीत, आणि मागितली असती तरी त्याने झाड वाचले असते असा माझा दावा नाही. रुंद रस्ता अभनपुरास नको होता असेही मी म्हणत नाही. पण 'वाळला होता' हे वाक्य जेव्हा कोणी उच्चारते तेव्हा ते अर्धे खरे होते एवढे माझ्याजवळ कागदावर आहे, आणि एवढे माझ्याजवळ असावे असे मला वाटते.

दोन साक्षींचाही एक पेच चैत्रात येतो. पिंपळाची आणि महूची नवी पालवी तांबूस असते. तिच्यात हरितद्रव्य अजून पुरते भरलेले नसते, म्हणून तांबडा प्रकाश ती गिळत नाही, परतवते, अवरक्तही परतवते. जोडचित्रांच्या हिशेबात चार दिवसांचे पान आणि वाळलेले पान एकाच रकान्यात पडतात. अशा वेळी तिसरी साक्ष म्हणून मी झाडाखाली जाते आणि फांदी हातात धरून पाहते. वहीत त्या महिन्यापुढे तारखेसह 'हाताने पाहिले' अशी नोंद असते.

थोरियमची पिवळी काच उन्हात ठेवली असता काही आठवड्यांत पुष्कळशी निवळते. अतिनील किरण ते काम करतात आणि येथल्या उन्हाळ्यात ते फुकट मिळतात. माझा मुलगा दर वर्षी तसे सुचवतो. त्याच्या आजोबांच्या लेन्सने पुन्हा रंगीत चित्रे घ्यावीत अशी त्याची इच्छा आहे, आणि ती समजण्यासारखी आहे. परंतु आजच्या कॅमेऱ्यात पिवळी झाक हिशेबाने वजा करता येते. तांबड्यात आणि अवरक्तात तर ती उतरतच नाही. शिवाय लेन्स गच्चीवर उन्हात ठेवावयाची ती चैत्र-वैशाखात, आणि महूला पालवी फुटते तीही त्याच सुमारास. त्या दिवसांत झाडाकडे न्यावयाला माझ्याजवळ दुसरी लेन्स नाही.